लाल सूर्याखालच्या लड्या

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. दोन घास खाल्ले की ताट उचलून मी उंबऱ्याशी जायची, तिथून न्हाणीच्या दगडावर, आणि अव्वा, म्हणजे आमची आई, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "जेवतीयस का मांजरीगत पिल्लं हलवतीयस?" मी हसायची आणि पुन्हा उठायची. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवलेला हातात तसाच राही. डोक्यात एक ग्रह होता. तो नीट फिरत नव्हता, आणि तो फिरत नाही तोवर मी फिरत होते.

हे वेड आमच्या भौतिकीच्या सरांनी लावलं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, आणि बी.एस्सी.च्या वर्गात बसले तरी आपण कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत असं मला वाटत राही. सरांना ते कळत असावं. प्रश्न विचारला की ते माझ्याकडे बघून थोडं थांबत. एकदा धडा संपल्यावर ते म्हणाले, "प्रत्येक तारा हा सूर्यच आहे. त्याच्याभोवती ग्रह असतील, नसतील. अजून कुणी पाहिलेला नाही. पण तिथेही नियम हेच असणार. मग सोलापुरात बसून तिथली हवा सांगता आली पाहिजे." विज्ञान मंडळाच्या सभेत प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, आपापला एक ग्रह घेऊन. कल्पना हवी तेवढी करा, म्हणाले, पण मी मधेच 'कशावरून' विचारणार.

मी एक लहान, लाल, मंद तारा घेतला. तो मंद, म्हणून ऊब मिळायला ग्रह त्याच्या अगदी जवळ हवा. आणि इतका जवळ असला की चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो तसा तो ग्रह आपल्या सूर्याला एकच बाजू दाखवणार. म्हणजे एका अंगाला कायमचा दिवस, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र. कायमचा दिवस म्हणजे काय, हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. वैशाखात दुपारी अडीचला पत्र्याखाली बसलेलं माणूस ते जाणतं. सावली हलत नाही, कुत्रं उठत नाही, मिलचा भोंगा होतच नाही. माझ्या ग्रहावर तसं अडीच कधीच सरत नव्हतं. माणसं राहत असतील तर मधल्या पट्ट्यात, जिथे सूर्य कायम मावळायला टेकलेला. वारा नेहमी एकाच बाजूने, गार अंगाकडून तापल्या अंगाकडे, जमिनीलगत वाहणारा. अव्वाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग वाळवणं एकाच दोरीवर घालायची, बरंय की." तिने माझ्या ग्रहाबद्दल विचार केलेला तो पहिला प्रसंग.

आमचं घर रंगखान्याच्या भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे चादरींच्या मागांचा खडखडाट, अलीकडे गटार. गटारातलं पाणी बघून आज कुठल्या रंगाचा लॉट चालू आहे ते कळायचं, धाकटा भाऊ सिद्राम शाळेत जाताना त्यावरून उडी मारत ओरडायचा, "आज हिरवा!" अप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथे रंगमास्तर होते. सुताच्या लड्या हौदात बुडवायच्या, काठीने फिरवायच्या, काढायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळत घालायच्या, हे काम करणारी माणसं बरीच होती. पण नमुन्याशी शेड जुळली की नाही हे फक्त अप्पा सांगत. नमुन्याची लडी आणि ओली लडी घेऊन ते अंगणात उन्हात येत, दोन्ही शेजारी धरत, आणि म्हणत, "झाला," किंवा, "अजून न्हाय." त्यापुढे कुणी बोलत नसे. मालकसुद्धा नाही. रंगखान्यात एक पिवळा बल्ब होता, पण त्याच्या उजेडात शेड बघायची नाही हा अप्पांचा कडक नियम. "बल्ब खोटं बोलतंय," ते म्हणत.

आणि त्याच वर्षी माल परत यायला लागला. आधी एक लॉट आला, मग आणखी एक. चादरीच्या काठातला निळा अर्ध्यावर काळपट झालेला, पिवळ्याच्या जागी जवळजवळ पांढरा. अप्पांनी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, मग रंगाच्या पुडीला, मग कॉस्टिक टाकणाऱ्या माणसाला. मालक तेलुगू घरातले, अप्पांच्याच वयाचे, दोघं एकत्र या कारखान्यात उभे राहिलेले. ते ओरडले नाहीत. फक्त एक दिवस आपल्या पुतण्याला घेऊन आले आणि अप्पांना म्हणाले, "गुरुसिद्धप्पा, पोराला जरा शिकवा." त्या संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत. अव्वाने सोमवारचा उपास सोडायला हुग्गी केली होती, गव्हाची, गूळ घातलेली. अप्पांनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "पोराला शिकवा म्हंजे काय, कळतंय न्हवं तुला?" अव्वाला कळत होतं. मलाही कळत होतं. अप्पांच्या हातातून ते 'झाला' म्हणणं जाणार होतं, आणि त्याच्याशिवाय अप्पा काय उरतील हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

सरांनी मला त्या आठवड्यात विचारलं होतं, "तुझ्या ग्रहावर रंग कसे दिसतील?" मी म्हणाले, लालसर. ते म्हणाले, "कशावरून? करून बघ." म्हणून रविवारी दुपारी मी मंडपवाल्याकडून लाल जिलेटीन कागद आणला, आमच्या एका खोलीच्या एकाच खिडकीला चार पदरी लावला, दाराला गोधडी टांगली. रंगखान्यातून सहा लड्या आणल्या होत्या: लाल, पांढरी, पिवळी, हिरवी, निळी, काळी. कागदातून आलेला उजेड भिंतीवर पडला तेव्हा मी स्वतःच दचकले. आमची भांडी, अव्वाचं तोंड, सिद्रामची शाळेची चड्डी, सगळं कुणीतरी एकाच हौदात बुडवून काढल्यासारखं.

"ही कुठली?" मी पांढरी लडी धरली.

"लाल," सिद्राम म्हणाला.

"ही?" मी लाल धरली.

"तीच की. पुन्ना तीच दाखवतीस व्हय?"

हिरवी, निळी आणि काळी त्याने एकाच नावाने सांगितल्या. अव्वाने तर सगळ्याच चुकवल्या आणि म्हणाली, "ह्या तुझ्या गावात सून बघायला न्हाय जायचं बाई. गोरी म्हून आणायची नि घरी येऊन बघावं तर..." तेवढ्यात गोधडी सारून अप्पा आत आले. काय चाललंय विचारलं. सिद्राम म्हणाला, "अप्पा, तुमीबी चुकणार. पैज."

अप्पा भिंतीला टेकून बसले. मी एकेक लडी हातात देत गेले. ते बोटांत चोळत, नाकाशी नेत, एक तर ओठाला लावली. "काळी. गंधकाचा वास जाईत न्हाय हिचा." "ही लाल. चोळली की बोटाला लागती." "ही पांढरी, धुतल्याली, मऊ हाय." सहाच्या सहा बरोबर. एकदाही अडखळले नाहीत. सिद्राम टाळ्या वाजवत म्हणाला, "अप्पा, तुमी तितंच जावा. मुख्यमंत्री करतील तुमाला!" अप्पा हसले. किती दिवसांनी हसले होते ते.

त्या हसण्याने मला कल्पना सुचली. विज्ञान मंडळाच्या सभेला गावातले काही कारखानदार पाहुणे म्हणून येणार होते, त्यात आमचे मालकही होते. मी ठरवलं की हा प्रसंग भाषणात सांगायचा. जो माणूस लाल सूर्याखालीही रंग ओळखतो त्याची शेड चुकेल कशी? माल बिघडतो तो पाण्यानेच, हे मालकांना कळेल, आणि पुतण्या आपल्या वाटेने जाईल. तीन दिवस मी भाषण पाठ करत रंगखान्याच्या भिंतीकडेने फेऱ्या मारल्या. पायात काटा मोडला तरी थांबले नाही.

आज एवढ्या वर्षांनी एक कबुली द्यायला हवी. माझा ग्रह चुकीचाच होता. अशा ताऱ्यांभोवती ग्रह आहेत हे आता सगळ्यांना माहीत झालंय, शाळेतली मुलंही सांगतात. पण त्या ताऱ्याचा उजेड जिलेटीन कागदासारखा लालभडक नसतो. तो साधारण आपल्या जुन्या पिवळ्या बल्बसारखा असतो. म्हणजे तिथला उजेड कसा, हे अप्पांना विचारलं असतं तरी पुरलं असतं. मला हे पन्नाशीत कळलं, आणि सांगायला ते नव्हते.

सभेच्या दिवशी मी अव्वाचं इरकल नेसले होते. हॉलमध्ये मालक पहिल्या रांगेत, पांढरं धोतर, टोपी गुडघ्यावर. मी कायमचा दिवस सांगितला, मधला पट्टा सांगितला, एका बाजूने वाहणारा वारा सांगितला. वाळवणाच्या दोरीला लोक हसले. मग मी खिडकीचा कागद सांगितला, सिद्राम कसा चुकला ते सांगितलं, आणि मालकांकडे बघत म्हणाले, "फक्त एक माणूस चुकला नाही. ते माझे वडील. ते रंगमास्तर आहेत." मालकांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं काम.

सर उभे राहिले. त्यांचा स्वभावच तो. "छान. पण मला एक सांग. सिद्राम का फसला?"

"सर, त्याने डोळ्यांनी बघितलं म्हणून."

"बरोबर. डोळा असला की माणूस आधी डोळ्याचंच ऐकतो, मग चुकतो, मग हात लावून बघतो. तुझ्या वडिलांनीही आधी बघितलं असेल. ते गोंधळले नाहीत?"

"नाही सर. त्यांनी बघितलंच..."

मी तिथेच थांबले. त्या दुपारचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. आम्ही सगळे आत आल्यावर दचकलो होतो. मी स्वतः दचकले होते. अप्पा गोधडी सारून उन्हातून त्या लाल खोलीत आले आणि त्यांनी खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. 'हे काय लाल केलंय' असं विचारलं नाही. लडी डोळ्यांपुढे धरली नाही. त्यांच्यासाठी काही बदललंच नव्हतं.

सरांना वाटलं मी पाठ विसरले. ते म्हणाले, "असू दे, बस." मी मालकांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. गुडघ्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती.

मी सभा संपेपर्यंत थांबले नाही. नऊवारीचा ओचा धरून भर उन्हात चालत सुटले, आणि सगळ्या वाटेवर एकच, मालकांच्या आधी पोचायचं. रंगखान्यात अप्पा हौदाशी उभे होते. नरसव्वा, तिथली सगळ्यात जुनी कामवाली, लड्या पिळत होती. मला बघून म्हणाली, "लगीन ठरलं का काय, पळत आली?"

मी अप्पांना बाहेर अंगणात ओढलं. बांबूवर लड्या वाळत होत्या. एकाच बांबूवर निळ्या आणि काळ्या, आलटून पालटून. मी बोट दाखवलं. "अप्पा, ह्या कुठल्या?"

ते लडीकडे हात न्यायला लागले. मी त्यांचा हात धरला. "हात लावायचा न्हाय. नुसतं बगून सांगा."

ते डोळे बारीक करून बांबूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सोड हात."

"अप्पा, कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली. समदं धुरातनं बगितल्यागत. निळा नि काळा एकच. पिवळा नि पांढराबी एकच." आणि मग एकदम रागाने, "कुणाला सांगायचं न्हाय. माज्या बापालाबी असंच झालतं. मंग त्याला ओट्यावर बसवून ठिवलं मरूस्तोवर. कोण आलं, कोण गेलं, आवाजावरनं वळखायचा. मी न्हाय बसणार ओट्यावर."

"पण अप्पा, मी सांगून बसले," मी म्हणाले आणि रडायला लागले. कुणाला, कसं, हे त्यांना समजेपर्यंत मालकांची स्कूटर फाटकाशी थांबली होती.

मालक अंगणात आले. त्यांनी बांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना विचारावं लागलंच नाही. अप्पांनी डोक्याचा पटका काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "मालक, पाण्याचं काय न्हाय. परत आल्याली शेड माजीच. डोळं गेल्यात माजं."

मालकांनी बांबूवरची एक निळी लडी उलटीपालटी करून पाहिली. शेवटी म्हणाले, "दोन साल मला सांगितलं नाही तुम्ही. मी पाणी बदलायला दुसरी विहीर खणत होतो, गुरुसिद्धप्पा."

"व्हय," अप्पा म्हणाले.

"डोळ्यांचं ऑपरेशन करून या. मग बघू."

त्या 'मग बघू'वर आमचं घर पुढचे तीन महिने जगलं. मी मात्र मालकांची आजही ऋणी आहे. डॉक्टरांना चिठ्ठी त्यांनी दिली आणि पुतण्याला 'तात्पुरता' हा शब्द सगळ्यांदेखत लावला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं, डाव्या. तेव्हा ते आतासारखं सोपं नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, खोकायचं नाही, हलायचं नाही. अव्वा चमच्याने पातळ कण्या भरवायची. मी दुपारी कॉलेजमधून सरळ दवाखान्यात जायची. पट्टीखालून अप्पा म्हणायचे, "सांग तुझ्या त्या गावाचं." मी आधी नको म्हणायची, त्या गावानेच हे घडवलं होतं. पण ते हट्ट धरायचे. तिथे पाऊस कुठे पडत असेल? गार अंगाला बर्फ असेल तर मधल्या पट्ट्यात नद्या असतील का? मग सुतासाठी कापूस लावता येईल का? सरांनी विचारले नसते असे प्रश्न त्यांनी विचारले, आणि मी खाटेभोवती फिरत फिरत उत्तरं शोधली. नर्स रागवायची, "एकीकडे बस गं बाई, पेशंटची मान वळती."

पट्टी निघाली, मग काही आठवड्यांनी भिंगासारखा जाड चष्मा आला. तो लावून अप्पा पहिल्यांदा घराबाहेर आले आणि उंबऱ्याशीच थांबले. वर बघितलं, गटाराकडे बघितलं, अव्वाच्या लुगड्याकडे बघितलं. मग डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला. पुन्हा डावा.

"काय दिसतंय हो?" अव्वाने घाबरून विचारलं.

"ह्या डोळ्याला समदं निळं," ते म्हणाले. "पांढऱ्यातबी निळं हाय. ह्या जुन्या डोळ्याला समदं पिवळं. दोन गावं हायत दोन." डॉक्टरांनी नंतर सांगितलं की डोळ्यातलं भिंग काढलं की असं होतं, भिंग जो निळा उजेड अडवतं तो मोकळा आत येतो. पण त्या सकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं. मी मात्र खिडकीला कागद चिकटवून जे शोधत होते ते कुणीतरी बघून आल्यासारखं वाटलं, आणि मी त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. ऊन कसं? भाकरी कशी? माझा चेहरा कसा? "तू फिर जरा कमी," ते म्हणाले, "मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. हौदाशी पुतण्या होता, नरसव्वा होती, काठ्या धरून चार माणसं होती. मी फाटकाशी उभी होते. कॉलेज बुडालं तर बुडू दे. मालकांनी नमुना दिला, गडद निळा, परत आलेल्या चादरींच्या काठाचा. अप्पांनी रंग तोलायला सांगितला, लड्या बुडवल्या, काढल्या, पिळल्या. मग एक ओली लडी आणि नमुना घेऊन ते उन्हात आले. एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्याने. पुन्हा पहिल्या डोळ्याने. सगळे थांबले होते. मालकांनी टोपी डोक्यावर घातलेली होती, ती काढली.

अप्पा म्हणाले, "मालक, एक डोळा झाला म्हनतोय, एक न्हाय म्हनतोय. खोटं न्हाय बोलणार." आणि मग ते वळले. "नरसव्वा, तू बग गं. तुला कसा वाटतोय?"

नरसव्वाने वीस वर्षं त्या हौदावर लड्या पिळल्या होत्या आणि तिला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने हात पदराला पुसले. मालकांकडे बघितलं, पुतण्याकडे बघितलं, मग लडी हातात घेऊन नमुन्याला भिडवली.

"अजून एक बुडी पायजे, मास्तर," ती म्हणाली.

मालक काही बोलतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते पुतण्याला म्हणाले, "बघत काय उभा राहिलास? मास्तरांना काठी दे."

अप्पांनी लड्या पुन्हा हौदात सोडल्या.